मंडळ बदलताना

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त पिणाऱ्यांचं मंडळ आहे, सोडणाऱ्यांचं नाही. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात सभासद आहेत, भाषणं आहेत, थट्टामस्करी आहे, एकमेकांची बाजू घेणंही आहे. दारूच्या आहारी गेलेल्या नायकाच्या, सुधाकराच्या, बाजूला काय आहे? पतिव्रता सिंधू, जीव तोडणारा मित्र रामलाल आणि स्वतःचा निश्चय. हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्याला शतक उलटून गेलं, तरी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतली मांडणी तीच राहिली आहे: प्यायची मंडळींत, सोडायची एकट्यानं.

हे पुस्तक दुसऱ्या प्रकारच्या मंडळींविषयी आहे. दारू सुटावी म्हणून माणसं आठवड्यातून एकदा, दोनदा, काही जण रोजसुद्धा एका खोलीत जमतात, आपापली हकीकत सांगतात, दुसऱ्याची ऐकतात आणि घरी जातात. बाहेरून पाहणाऱ्याला यात उपचार म्हणावा असं काही दिसत नाही. डॉक्टर नाही, औषध नाही, फी नाही, उपदेश करणारा बुवाही नाही. तरीही गेल्या नव्वद वर्षांत मद्यासक्तीतून बाहेर पडण्याचा जगातला सर्वांत परिचित मार्ग हाच ठरला. तो कुठून आला, कसा चालतो, त्याच्याबद्दल वाद कोणते आणि तिथवर पोचायचं कसं, याची एकत्रित माहिती मराठी वाचकाला सहज सापडत नाही.

आधी आवाका पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या जवळपास पावणेसहा कोटींना पिण्यामुळे मदतीची गरज आहे. पण खरा धक्का पुढच्या आकड्याचा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे कशाबशा एकाला कोणत्याही प्रकारचे उपचार मिळतात, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. उरलेले कुठे आहेत? घरी, कामावर, गुत्त्यावर, काही रस्त्याच्या कडेला. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या कितीही वाढवली तरी एवढ्या माणसांना ते पुरे पडणार नाहीत. स्वतः त्यातून गेलेल्या माणसांनी चालवलेले, पैसे न घेणारे गट महत्त्वाचे ठरतात ते या गणितामुळे.

मराठी समाज या प्रश्नाबाबत कधी गप्प बसला, असं मात्र म्हणता येत नाही. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा १८८० मध्ये नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीतून दारूबंदी झाली. बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडण्याची ‘आडवी बाटली’ची चळवळ गावोगाव लढली गेली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या सगळ्या लढायांचं मोल मोठं आहे. पण त्या दुकानाशी, परवान्याशी, बाटलीशी होत्या. दुकान बंद झालं त्या संध्याकाळी ज्याचे हात थरथरत होते त्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्या बायकोवर सोडून दिला गेला.

परंपरेकडे या प्रश्नाचं एक उत्तर होतं, आणि सुशिक्षितांनी त्याकडे जरा तुच्छतेनंच पाहिलं. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मटण सुटलं, हे वारकरी घरांत आजही गृहीत धरलं जातं. कित्येकांची खरोखर सुटते. याचं श्रेय केवळ श्रद्धेला किंवा शपथेला देणं अपुरं आहे. माळ घातलेल्या माणसाला दिंडी मिळते, एकादशी मिळते, संध्याकाळचं भजन मिळतं; ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, नेमक्या त्या वेळी जायला दुसरी जागा आणि बसायला दुसरी माणसं मिळतात. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आण चार दिवसांत मोडते ती बहुधा या सोबतीच्या अभावी.

अशा सोबतीवर उभ्या राहिलेल्या गटांचा पाश्चात्त्य देशांतला इतिहास अडखळतच गेला आहे. १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एका दारूच्या गुत्त्यातच ठरवलं की आता सोडायची, आणि ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ सुरू झाली. पिणाऱ्यानं पिणाऱ्याला आपली कहाणी सांगायची, हे तिचं सूत्र. ती वणव्यासारखी पसरली. १८४२ मध्ये तरुण अब्राहम लिंकननं तिच्या सभेत भाषण केलं. आणि दशकभरात ती विरूनही गेली. दारूबंदीचं राजकारण, सभा गाजवणारे वक्ते, आपसातली भांडणं यांत मूळ काम हरवलं. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांची आठवण व्हावी असा हा शेवट.

मग १९३५. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला एक माणूस, बिल विल्सन, कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रनला आला होता. पाच महिने त्यानं दारूला हात लावला नव्हता. सौदा फिसकटला, हॉटेलातला बार समोर दिसत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायलाच हवं. त्याला वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला. चर्चना फोन करत करत त्याची गाठ बॉब स्मिथ नावाच्या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटं देतो म्हणाले आणि सहा तासांहून अधिक बोलत बसले. डॉ. बॉब यांनी अखेरचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि हीच तारीख ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए.चा स्थापना दिवस मानली जाते. चळवळीचं नाव ज्यावरून रूढ झालं ते पुस्तक १९३९ मध्ये निघालं. ए.ए.च्या मार्गाचे टप्पे, म्हणजे बारा पायऱ्या, त्यातच पहिल्यांदा छापल्या गेल्या. १९४१ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी साप्ताहिकात लेख आला आणि काही हजार सभासदांची ही मंडळी देशभर माहीत झाली.

बारा पायऱ्यांची चर्चा फार होते. गट कसा चालवावा हे सांगणाऱ्या बारा परंपरांची होत नाही. खरं तर संघटनाशास्त्राच्या दृष्टीनं त्याच अधिक विलक्षण आहेत. १९५० मध्ये स्वीकारलेल्या या परंपरांनुसार गट बाहेरून देणगी घेत नाही, मालमत्ता जमवत नाही, दारूबंदीसकट कोणत्याही सार्वजनिक प्रश्नावर मत देत नाही, आणि वृत्तपत्रांत सभासद म्हणून कुणी नावाचेहऱ्यानिशी मिरवत नाही. सभासदत्वाची अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा. वॉशिंग्टोनियन चळवळ ज्या ज्या कारणांनी बुडाली, त्या प्रत्येक भोकाला इथं बूच मारलेलं दिसतं. अध्यक्षपदावरून न फुटलेली, इमारत निधीवरून कोर्टात न गेलेली संस्था महाराष्ट्रात शोधून पाहावी, म्हणजे या शहाणपणाची किंमत कळेल.

भारतात ए.ए. १९५७ मध्ये आलं. मुंबईत आधी इंग्रजी बोलणाऱ्यांत आणि ख्रिस्ती वस्त्यांत ते रुजलं, म्हणून अजूनही अनेकांना ते ‘चर्चवाल्यांचं काहीतरी’ वाटतं. गोव्यात चर्चच्या सभागृहांत कोकणी आणि इंग्रजीतून बैठका होतात, हेही त्याला कारण. वस्तुस्थिती बदलून बराच काळ लोटला. मराठी, हिंदी, गुजरातीतून चालणारे गट आहेत, साहित्य मराठीत मिळतं, आणि बैठकीची खोली चर्चइतकीच पालिकेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात असू शकते.

मुंबईतच १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर पडलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे बारा पायऱ्या आणि योगासनं यांची त्यांनी सांगड घातली. पुण्याची कथा वेगळी. अनिल अवचट यांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर लिहिलेले लेख पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी वाचले, एक लाख रुपये देऊ केले आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं केलं. गर्दसाठी सुरू झालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येनं येऊ लागले. तिथं त्यांना ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर आलेलेच कार्यकर्ते होऊन नव्यांना सांभाळतात. केंद्रातून बाहेर पडल्यावरच्या ‘फॉलो-अप’ बैठकांना मुक्तांगण जे महत्त्व देतं, ते या पुस्तकाच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. कारण महिनाभर चार भिंतींत न पिणं ही गोष्ट वेगळी आणि पगाराच्या दिवशी, जुन्या रस्त्यानं, जुन्या मित्रांच्या हाका ऐकत घरी पोचणं वेगळं.

बैठकीत प्रत्यक्ष काय होतं?

बाक किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सुरुवातीला छापील निवेदन वाचलं जातं. त्या दिवशी बैठक चालवणारा एखादा विषय सुचवतो किंवा पायरी वाचतो. मग एकेक जण बोलतो, ज्याला इथल्या भाषेत ‘शेअरिंग’ म्हणतात: आपलं पहिलं नाव, आपण मद्यपी असल्याची कबुली, आणि मग हकीकत. पिताना काय होतं, काय घडलं, आता कसं चाललंय. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, खोडून काढत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकून निघून जाता येतं. शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा. तासा-दीड तासात सगळं आटोपतं. नव्या माणसाला एखादा जुना सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणून मिळतो, ज्याला रात्री अकराला फोन केला तरी तो उचलतो. एक महिना, एक वर्ष न पिता काढलं की टाळ्या वाजतात, वाढदिवस साजरा होतो. आणि हिशेब जन्मभराचा मागत नाहीत, फक्त आजच्या दिवसाचा.

आडनाव न सांगण्याच्या रिवाजाचा महाराष्ट्रात एक जादा उपयोग होतो, तो मूळ अमेरिकी संस्थापकांच्या डोक्यातही आला नसेल. आपल्याकडे आडनाव सांगितलं की जात, बहुधा गाव आणि कधी कधी भावकीसुद्धा उघडी पडते. ‘सुधाकर’ एवढंच सांगणारा माणूस या सगळ्यातून तासभर सुटतो. बँकेचा निवृत्त अधिकारी आणि गोदीतला हमाल एकाच बाकावर बसून एकमेकांच्या बोलण्यावर मान डोलावतात, अशा जागा या राज्यात मुळात किती आहेत?

या मार्गावर टीकाही झाली आहे, आणि ती बाजूला सारण्यासारखी नाही. पहिला आक्षेप देवाचा. बारा पायऱ्यांत ईश्वर वारंवार येतो; ‘स्वतःहून मोठी शक्ती’ असा सैल अर्थ लावून, काही जण तर गटालाच ती शक्ती मानून, पुढे जातात. बुद्धिप्रामाण्यवादी माणसाला तेही पटत नाही. दुसरा आक्षेप ‘मी दारूपुढे हतबल आहे’ या पहिल्याच पायरीला. स्त्रियांना हतबलता शिकवायची गरज नाही, उलट आत्मविश्वास हवा, असं म्हणत जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत ‘विमेन फॉर सोब्रायटी’ काढली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा आधार घेऊन नव्वदच्या दशकात ‘स्मार्ट रिकव्हरी’ उभी राहिली. तिथं देव नाही, जन्मभराचं ‘मी मद्यपी’ हे लेबल नाही. ओढ कशी ओळखावी, विचार कसा तपासावा, याची साधनं शिकवतात. एलिस यांचा विचार कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला अपरिचित नाही. तरीही या पद्धतीच्या मराठी बैठका गावोगाव उभ्या राहिलेल्या नाहीत, ही उणीव आहे.

अनामिकतेचा नियमही सार्वत्रिक नाही. जपानमधल्या ‘दानशुकाई’ या मद्यत्यागी मंडळांत माणसं उघड नावानं येतात, शेजारी पत्नी बसते आणि तीही बोलते. झाग्रेबमध्ये व्लादिमिर हुदोलिन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या क्लबांत तर सभासद व्यक्ती नसून कुटुंब असतं. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपल्या समाजाला हे नमुने ए.ए.पेक्षा जवळचे वाटू शकतात, आणि त्यांची आपल्याकडे जवळजवळ चर्चाच झालेली नाही.

मूळ प्रश्न उरतोच: याचा उपयोग होतो का? बराच काळ याचं उत्तर श्रद्धेनं किंवा अश्रद्धेनं दिलं गेलं. २००६ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रन’च्या अहवालाला ठोस पुरावा सापडला नव्हता. २०२० मध्ये नवा आढावा आला, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांच्यावर आधारलेला. ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्के वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त होते. मान्यताप्राप्त इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले, हे लक्षात ठेवावं. शिवाय ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात कधी ना कधी प्यायले, हेही. चमत्काराची भाषा इथं शोभत नाही. पण फुकट मिळणारी गोष्ट महागड्या उपचारांच्या तोडीस तोड ठरते, हा निष्कर्ष कमी नाही.

एका बाबतीत गट कामाचा नाही, आणि ते ठळकपणे सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, ताप, थरथर अशी अवस्था येऊ शकते, जी उपचारांवाचून जिवावर बेतू शकते. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, एक घोट घेतल्याशिवाय ते थांबत नसतील, तर आधी डॉक्टर, मग बैठक. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतींवरच्या जाहिराती पाहून चहा-भाजीत कालवल्या जाणाऱ्या पावडरी हा दुसरा धोका. दारूसोबत त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामसारखी गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगूनच द्यायची असते. पिणाऱ्याच्या नकळत पोटात गेली तर ती त्याला थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकते.

आणि सिंधूचं काय? नवऱ्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणारी, त्याची उधारी फेडणारी, मुलांना ‘बाबा दमलेत’ सांगणारी बाई मराठी घरांत कौतुकाला पात्र ठरते. ती या आजाराला नकळत आधार देत असते, हे तिला दोष न देता सांगणं अवघड काम आहे. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अॅनॉन’ १९५१ पासून आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट चालतो. नवरा बैठकीला गेला नाही तरी बायकोनं जावं, हा या गटांचा सल्ला पहिल्यांदा विचित्र वाटतो. त्यामागचं कारण साधं आहे: तिची झोप, तिची कमाई आणि तिची भीती हे तिचे स्वतःचे प्रश्न आहेत, आणि नवरा सुधारेपर्यंत ते थांबून राहत नाहीत.

पिणाऱ्या स्त्रीची अवस्था याहून कठीण. देशव्यापी सर्वेक्षणात पुरुषांमध्ये पिण्याचं प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आणि स्त्रियांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास आढळलं. संख्या कमी म्हणून लाज अधिक, आणि खोलीत बहुतेक पुरुष म्हणून जाण्याचं धैर्य आणखी कमी. फक्त स्त्रियांच्या बैठका थोड्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली, तशा बैठकांच्या खोल्याही. मग बैठका फोनच्या पडद्यावर आल्या आणि त्यातल्या बऱ्याच तिथं टिकल्या. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बाईला, गट नसलेल्या तालुक्यातल्या माणसाला आणि आखातात किंवा अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे एक दार उघडलं. कॅमेरा बंद ठेवूनही ऐकता येतं, ही सोय पहिल्या वेळेस फार मोठी असते.

या पुस्तकाची भूमिका कुठल्या एका पंथाचा प्रचार करण्याची नाही. बारा पायऱ्यांनी तरलेले, त्या न पटून दुसरीकडे गेलेले, दोनदा-तीनदा ‘स्लिप’ होऊन, म्हणजे पुन्हा पिऊन, परतलेले, त्यांच्या बायका, मुलं आणि त्यांना तपासणारे डॉक्टर अशा निरनिराळ्या बाजूंनी ते एकाच खोलीकडे पाहतं. गट शोधण्याची व्यावहारिक बाजूही त्यात आहे: बैठक सर्वांसाठी ‘ओपन’ आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी ‘क्लोज्ड’, हे आधी विचारावं, पहिली बैठक कंटाळवाणी वाटली तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावं, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो, फी मागणारा किंवा औषध बंद करायला सांगणारा गट दिसला तर तिथून उठावं. पुस्तकात अपयशाच्या कहाण्या वगळलेल्या नाहीत. यशाचीच उदाहरणं मांडणाऱ्या व्यसनमुक्तीच्या साहित्यानं पुन्हा प्यायलेल्या माणसाला सर्वांत जास्त एकटं पाडलं आहे, असं संपादनामागचं स्पष्ट मत आहे आणि ते योग्य आहे.

पुस्तक सलग वाचण्याची गरज नाही. ज्याच्या घरात हा प्रश्न आज पेटलेला आहे त्यानं तर शेवटच्या पानाची वाट पाहूच नये. व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही मिळते. दोन्ही मोफत आहेत. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राची आणि बैठकीची चौकशी तिथून सुरू करता येईल, आणि फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असंही नाही.